जयंतीचं भाषण झालं, पुढे काय? मुलांना समता समजावणाऱ्या सुट्टीतल्या कृती

"अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि येथे जमलेल्या माझ्या बालमित्रांनो" या ओळीने सुरू होणारं तीन मिनिटांचं भाषण महाराष्ट्रातल्या बहुतेक मुलांनी एकदा तरी पाठ केलेलं असतं. जन्मतारीख, जन्मगाव, आईवडिलांची नावं, शिकताना सोसलेले हाल आणि शेवटी कोटी कोटी प्रणाम. टाळ्या होतात, पेढा मिळतो. त्याच मुलाला संध्याकाळी विचारावं, बाबासाहेबांनी नेमकं बदललं काय? उत्तर येतं, "त्यांनी गरिबांना मदत केली."

उत्तर चुकलेलं आहे, पण चूक मुलाची नाही. मदत देणाऱ्याच्या मर्जीवर चालते. आज दिली, उद्या नाही दिली. हक्काला कोणाची मर्जी लागत नाही, आणि तो नाकारला तर दाद मागता येते. हा फरक भाषणातून कळत नाही, कारण भाषणात मूल फक्त ऐकवणारं असतं. नियम कोणी केला, तो कोणाला लागू नाही, बदलायचा तर कोणाला विचारायचं, हे हाताने करून पाहिलं की मात्र आठ वर्षांच्या मुलालाही ते पटकन कळतं. पुढच्या कृती त्यासाठी आहेत. घरात, सोसायटीत किंवा वस्तीतल्या बालवर्गात, चार ते बारा मुलांत त्या करता येतात.

दिवस कोणते धरायचे? २६ जानेवारी आणि १४ एप्रिलला सुट्टी असतेच. ३ जानेवारी (सावित्रीबाई फुले), ११ एप्रिल (जोतीराव फुले), २६ जून (राजर्षी शाहू, राज्यात सामाजिक न्याय दिन) आणि २६ नोव्हेंबर (संविधान दिन) यांच्या जवळचा रविवार घ्यावा. २० मार्च हा महाडच्या सत्याग्रहाचा दिवस, पण तेव्हा परीक्षा डोक्यावर असतात. त्यामुळे महाडचा विषय १४ एप्रिलला जोडून घेतलेला बरा. एका दिवशी एकच कृती करावी. तीन कृती आणि वर चित्रकला स्पर्धा असा बेत केला की मुलांच्या लक्षात फक्त चित्रकला राहते.

वयाचा अंदाज

पाच ते सात वर्षांच्या मुलांना 'न्याय' हा शब्द कळत नसला तरी 'त्याला जास्त दिलं' हे बरोबर कळतं. तिथूनच सुरुवात करायची. जात हा शब्द त्यांच्यासमोर मुद्दाम काढायची गरज नाही, पण त्यांनी काढला तर टाळायचाही नाही. आठ ते अकरा या वयात नियम, कारण आणि पुरावा यांची आवड असते. खरी मजा याच वयात आहे. बारानंतर मुलं विचारतात, "हे सगळं कायद्यात आहे, मग तरी असं का होतं?" तेव्हा आपल्यालाही गृहपाठ करून बसावं लागतं.

पाण्याची आठ कार्डं

महाडची गोष्ट मुलांना बहुधा एका वाक्यात सांगितली जाते: तळ्याचं पाणी पिऊ देत नव्हते, बाबासाहेबांनी सत्याग्रह केला, पाणी खुलं झालं. इतकी सरळ ती नव्हती, आणि तिच्यातलं शिकण्यासारखं सगळं त्या आडवळणांतच आहे.

जुन्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूचे आठ तुकडे करा, पोस्टकार्डाच्या आकाराचे. प्रत्येकावर एक घटना मोठ्या अक्षरात लिहा, साल मात्र मागच्या बाजूला.

एक: मुंबई विधिमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर होतो की सरकारी पैशातून बांधलेली किंवा चालवलेली पाणवठ्याची ठिकाणं, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्य मानलेल्या लोकांनाही वापरता येतील (१९२३). दोन: महाडची नगरपालिका त्यानुसार चवदार तळं सर्वांना खुलं असल्याचा ठराव करते (१९२४). तीन: महाडच्या पहिल्या परिषदेला जमलेले लोक बाबासाहेबांच्या मागोमाग चालत तळ्यावर जातात आणि पाणी पितात (२० मार्च १९२७). चार: त्यांच्यावर हल्ला होतो, आणि पुढे तळं 'बाटलं' म्हणून त्याचं 'शुद्धीकरण' केलं जातं (१९२७). पाच: नगरपालिका आपला ठराव मागे घेते (१९२७). सहा: महाडला दुसरी परिषद भरते, तिथे मनुस्मृती जाळली जाते (२५ डिसेंबर १९२७). सात: तळ्यावरच्या हक्काच्या दाव्यात मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल बाबासाहेबांच्या बाजूने लागतो (१७ मार्च १९३७). आठ: संविधान अंमलात येतं, कलम १५ म्हणतं की धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कोणालाही दुकान, विहीर, तलाव, घाट, रस्ता वापरण्यापासून अडवता येणार नाही, आणि कलम १७ अस्पृश्यता नष्ट करतं (२६ जानेवारी १९५०).

कार्डं पिसून मुलांना द्या आणि क्रम लावायला सांगा. जवळजवळ सगळी मुलं तिसरं कार्ड पहिलं ठेवतात: आधी सत्याग्रह, मग ठराव. साहजिक आहे, त्यांच्या हिशेबात लढा आधी असतो आणि परवानगी नंतर. कार्डं उलटून सालं दाखवली की गोंधळ उडतो. चार वर्षं आधीच परवानगी होती? मग ते प्याले का नाहीत? इथे उत्तर देऊ नका. दोन मिनिटं गप्प बसा. कोणीतरी म्हणतंच, "लिहिलं होतं, पण पिऊ देत नव्हते." कागदावरचा नियम आणि तळ्याच्या पायरीवरचा नियम वेगळे असू शकतात, हे त्या वाक्यात आलं. आता तिसरं आणि सातवं कार्ड हातात द्या आणि मधली वर्षं मोजायला सांगा. दहा. तिसरीतल्या मुलासाठी हा काळ त्याच्या आयुष्याहून मोठा असतो, हे त्यालाच म्हणू द्या.

लहान गटासाठी आठ कार्डं जड जातात. त्यांना १८६८ सालची एकच गोष्ट पुरे: जोतीराव फुले यांनी पुण्यातल्या आपल्या घराचा हौद सर्वांना खुला केला. मग विचारायचं, घरचा हौद खुला करायला एक माणूस पुरतो, गावचं तळं खुलं करायला किती लागतात?

कार्डं झाली की दुसरा टप्पा: आपल्या घराचा पाण्याचा नकाशा. कोऱ्या कागदावर घराचा साधा आराखडा काढायचा. पाणी, चहा किंवा खाणं जिथे जिथे दिलं जातं तिथे ठिपका, आणि प्रत्येक ठिपक्याशी तीन प्रश्न: इथून कोण घेऊ शकतं? कोणत्या भांड्यातून? बसून की उभ्याने? घरी कामाला येणाऱ्या मावशींचा कप कुठे ठेवलेला असतो, कचरा न्यायला येणाऱ्या दादांना पाणी बाटलीतून मिळतं की ओंजळीत, पार्सल आणणारा कोणत्या लिफ्टने वर येतो, हे सगळं त्या कागदावर यायला लागतं. मुलं हे आधीपासून पाहत असतात. कोणी विचारलेलं नसतं, एवढंच.

ही कृती फसते ती मोठ्यांमुळे. मूल म्हणतं, "मावशींचा कप खिडकीत असतो, तो आपण वापरत नाही," आणि लगेच स्पष्टीकरण सुरू होतं: तो स्वच्छतेसाठी आहे, त्यांनाच तसं आवडतं, तसं काही नाही रे. मूल त्या स्वरावरून ओळखतं की या विषयावर खरं बोलायचं नसतं. त्यापेक्षा "हो, तसंच आहे. का बरं असेल?" एवढं म्हणणं जमलं तर नकाशाचं काम झालं. कप बदलायचा की नाही हे त्यानंतर घराने ठरवावं. मात्र 'आजपासून आपण मावशींना आपल्या कपात चहा द्यायचा' असा समारंभ करू नका. तसं केलं की पुन्हा ते उपकाराचं झालं, आणि मावशींना विनाकारण अवघडायला होतं. कप गुपचूप बदलता येतो.

जातीची चिठ्ठी काढू नका

मुलांना भेदभावाचा अनुभव द्यावा म्हणून हौशी मंडळी एक प्रयोग करतात. चिठ्ठ्या टाकून मुलांचे दोन गट पाडायचे, एका गटाला 'तुम्ही लांब बसा, तुम्हाला पाणी वरून ओतून मिळेल' असं सांगायचं, आणि तासाभराने 'कसं वाटलं?' विचारायचं. याचं मूळ बहुधा १९६८ साली अमेरिकेतल्या आयोवा राज्यात जेन एलियट या शिक्षिकेने केलेल्या प्रयोगात आहे. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर त्यांनी तिसरीच्या वर्गात डोळ्यांच्या रंगावरून मुलांचे 'वरचे' आणि 'खालचे' असे गट पाडले, आणि काही तासांत मुलं खरोखरच एकमेकांशी वाईट वागायला लागली. प्रयोग गाजला, त्यावर टीकाही झाली.

आपल्याकडे तो जातीच्या नावाने करण्यात तीन धोके आहेत. गटात एखादं मूल असं असू शकतं ज्याने हे घरी किंवा गावी खरंच सोसलंय. त्याच्यासाठी हा खेळ नसतो. 'वरच्या' गटातल्या मुलांना मजा येते, आणि नंतरची पंधरा मिनिटांची चर्चा ती मजा पुसू शकत नाही. तिसरं म्हणजे चिठ्ठीने आलेली जात तासाभराने जाते, त्यामुळे मुलांच्या मनात बसतं की जात ही अशीच हलकी, बदलता येणारी गोष्ट असावी. वेशभूषेत एखाद्या मुलाला गोणपाटावर बसवून 'छोटे भीमराव' करणंही याच प्रकारातलं आहे. बाबासाहेबांनी शाळेत गोणपाटावर बसल्याचं आणि शिपाई नसला तर पाण्याविना राहिल्याचं स्वतः लिहून ठेवलंय. ते वाचून दाखवा, अभिनय नको.

त्याऐवजी बिघडवलेली साप-शिडी खेळा. चार जण, एक फासा, चार सोंगट्या. नियम एकच जास्तीचा: लाल सोंगटीला शिड्या नाहीत, साप मात्र आहेत. पहिला डाव लाल सोंगटी मोठ्या माणसाने घ्यायची. दहा मिनिटांनी घड्याळ लावून सोंगट्या उजवीकडच्याला द्यायच्या, म्हणजे लाल प्रत्येकाकडे येते आणि कोणाकडेच राहत नाही. चाळीस मिनिटांत फेरी पूर्ण होते. कोणत्याही सोंगटीला जातीचं, धर्माचं, प्रांताचं नाव द्यायचं नाही.

लाल सोंगटीवाला कुरकुरतो, ते अपेक्षितच असतं. लक्ष बाकीच्या तिघांकडे ठेवा. "नियमच आहे ना!", "आम्ही थोडीच केला!", "तू नीट फासा टाक ना!" ही वाक्यं कागदावर जशीच्या तशी टिपून घ्या आणि शेवटी वाचून दाखवा. नऊ-दहा वर्षांच्या पोरांनी अर्ध्या तासात तयार केलेले हे युक्तिवाद मोठ्यांच्या चर्चेत कुठे ऐकलेत ते आठवून थोडं ओशाळायला होतं. मग विचारा: हा नियम बदलायचा तर कोणाची संमती हवी? फक्त लालवाल्याची की सगळ्यांची?

एक अडचण येते. कधीकधी नुसत्या फाशाच्या जोरावर लालच जिंकते, आणि कोणीतरी म्हणतं, "बघा, मनात आणलं की जमतं." अशा वेळी वाद घालू नका; दुसऱ्या दिवसापासून रोज एक डाव खेळून दहा डावांचा तक्ता ठेवा. कोणती सोंगटी किती वेळा जिंकली ते तक्ताच सांगतो. एक माणूस पुढे गेला म्हणजे शिड्या सगळ्यांना होत्या असं होत नाही, हे शब्दांनी सांगायला अवघड आणि आकड्यांनी सोपं आहे.

रविवारची कामवही

सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ चा, सातारा जिल्ह्यातल्या नायगावचा. पुण्यात १८४८ साली फुले पतिपत्नींनी मुलींसाठी शाळा काढली, शिकवायला जाताना लोक शेण-चिखल फेकत, फातिमा शेख त्यांच्या सोबत होत्या, हे मुलांना शाळेत कळतं. घरी करायची गोष्ट वेगळी.

एका रविवारी घरातल्या प्रत्येकाने सकाळी सहा ते रात्री दहा आपण काय केलं ते अर्ध्या अर्ध्या तासाच्या चौकोनात भरायचं. सोळा तास म्हणजे बत्तीस चौकोन. घरकाम लाल, बाहेरचं काम किंवा अभ्यास निळा, आराम आणि मोबाइल पिवळा. रात्री चौघांचे कागद शेजारी शेजारी ठेवायचे. कोणाचा कागद किती लाल आहे ते लांबूनही दिसतं.

नोंद करायची असली की सगळे जरा शहाण्यासारखे वागतात; बाबा अचानक भाजी निवडायला बसतात. म्हणून एका रविवारवर विसंबू नका, तीन रविवार करा. दुसरी गोष्ट, डोक्यातलं काम चौकोनात येत नाही. गॅस कधी संपेल, उद्या डब्याला काय, कोणाच्या युनिफॉर्मचं बटण तुटलंय, आजोबांच्या गोळ्या किती उरल्यात हे सतत लक्षात ठेवणारं माणूस टीव्हीसमोर बसलेलं असताना कागदावर पिवळंच दिसतं. त्यासाठी एक वेगळी ओळ ठेवा: 'आज मी काय लक्षात ठेवलं'. बहुतेक घरांत ही ओळ एकाच कागदावर भरून वाहते.

या निमित्ताने 'मदत' हा शब्दही पकडता येतो. 'दादा आईला कामात मदत करतो' असं वाक्य मुलाने म्हटलं की विचारायचं, मग काम कोणाचं आहे? काम सगळ्यांचं असेल तर आपल्या वाट्याचं करण्याला मदत कसं म्हणायचं?

मोठ्या मुलांना शिक्षणाच्या हक्काची साखळी दाखवा. १८८२ साली जोतीरावांनी हंटर शिक्षण आयोगापुढे प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा अशी मागणी केली. शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात ते मोफत आणि सक्तीचं केलं. देशभरात सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी तो मूलभूत हक्क झाला तो २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने, आणि त्याचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. मागणी आणि प्रत्यक्ष लागू झालेला हक्क यांच्यात सव्वाशेहून जास्त वर्षं गेली.

टेप घेऊन पायऱ्या मोजा

सारखं वागवणं आणि न्याय्य वागवणं यातला फरक समजावताना भिंतीआडून सामना पाहणाऱ्या तीन उंचीच्या मुलांचं चित्र हमखास दाखवलं जातं. ते आता पाहून पाहून गुळगुळीत झालंय. मोजायची टेप घेऊन बाहेर पडा.

भारतातल्या सुगम्यतेच्या, म्हणजे चाकाच्या खुर्चीवरच्या माणसालाही आत जाता यावं यासाठीच्या, मार्गदर्शक सूचनांत उताराचं प्रमाण एकास बारा दिलेलं आहे: जितकी उंची चढायची, त्याच्या बारापट लांब उतार. पंधरा सेंटिमीटरची एक पायरी असेल तर उतार १८० सेंटिमीटर हवा. तशा तीन पायऱ्या असतील तर ५४० सेंटिमीटर, म्हणजे साधारण एका मोटारगाडीहून लांब. मुलांना परिसरातली पाच सार्वजनिक ठिकाणं द्या: वाचनालय, दवाखाना, बँक, बाग, मतदान केंद्र असते ती शाळा. प्रत्येक ठिकाणी पायऱ्यांची एकूण उंची, उतार आहे का, असला तर त्याची लांबी, आणि त्यावर काय ठेवलंय ते लिहायचं. शेवटचा रकाना विसरू नका. उतार बऱ्याचदा असतो, पण त्यावर मोटारसायकल उभी असते किंवा तो बंद शटरपाशी संपतो.

घरी आल्यावर उंची गुणिले बारा करून तपासा. मुलं पाहता पाहता म्हणतात, "त्याला चढता येत नाही." तिथे थांबवून वाक्य बदलून घ्या: "इथे उतार नाही." अडचण माणसाच्या पायात आहे की इमारतीच्या पायऱ्यांत, याचं उत्तर त्या एका बदलात आहे.

हेच वाक्य पुढे आरक्षणाच्या प्रश्नाला उपयोगी पडतं, आणि बारा वर्षांवरच्या मुलांकडून तो प्रश्न येतोच. शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी आपल्या संस्थानातल्या नोकऱ्यांत रिकाम्या होणाऱ्या निम्म्या जागा मागासवर्गीयांसाठी राखल्या. हे 'दुबळ्यांना दिलेला हात' असं सांगितलं की घोटाळा होतो. ऐकणाऱ्या मुलाला वाटतं की त्या लोकांत काही कमी होतं. कमी त्यांच्यात नव्हतं, दार बंद होतं. पिढ्यानपिढ्या ज्यांना शाळेच्या आणि कचेरीच्या दारातच उभं केलं, त्यांना ते दार उघडं मिळावं याची ती तजवीज होती. मुलाला हे पटलं नाही तर आग्रह धरू नका. आठ कार्डं पुन्हा काढून समोर ठेवा, आणि जेवायच्या वेळी कोणाचं तरी ऐकलेलं 'सगळं त्यांनाच मिळतं' हे वाक्य त्याने आणलं असेल, तर 'सगळं म्हणजे काय काय?' एवढं विचारून यादी करायला लावा.

"आपली जात कोणती?"

हा प्रश्न कधीतरी येतो, बहुधा शाळेचा फॉर्म भरताना. 'आपण असलं काही मानत नाही' हे उत्तर सोयीचं आहे, पण त्याने मूल फक्त विचारायचं थांबतं. जात सांगावी, आणि पुढे दोन वाक्यं जोडावीत: ही जन्माने मिळते, कोणी निवडत नाही, आणि हिच्यामुळे काहींना फायदा झाला, काहींचं नुकसान, आपल्या घराचं काय झालं ते आजीला विचारू. आजीकडून जे ऐकायला मिळेल ते कधी अभिमानाचं असेल, कधी दुखरं, कधी लाजिरवाणं. तिन्ही ऐकून घ्यावं.

"आता तर कायद्याने जात बंद झाली ना?" याचं नेमकं उत्तर 'नाही' असं आहे. कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली, आणि ती कोणत्याही स्वरूपात पाळणं हा गुन्हा ठरवला. १९५५ साली त्यासाठी कायदा झाला, तोच आज नागरी हक्क संरक्षण अधिनियम या नावाने ओळखला जातो. जात संपली असं संविधानात कुठेही लिहिलेलं नाही. मुलांना हा बारकावा आवडतो.

गटात दलित, आदिवासी, भटक्या समाजातलं किंवा अल्पसंख्याक घरातलं मूल असेल तर 'तुझा अनुभव सांग' म्हणून त्याला पुढे करू नये. त्याला बोलायचं असेल तर ते बोलेल. सगळ्या समाजाच्या वतीने बोलण्याची जबाबदारी दहा वर्षांच्या मुलावर कशाला?

घरचं संविधान

संविधानसभेने २६ नोव्हेंबर १९४९ ला संविधान स्वीकारलं आणि ते पूर्णपणे लागू झालं २६ जानेवारी १९५० ला. १९३० साली २६ जानेवारीलाच पूर्ण स्वराज्य दिन पाळला गेला होता, म्हणून ती तारीख. घरच्या संविधानालाही हेच वेळापत्रक द्या: नोव्हेंबरात मसुदा मंजूर, जानेवारीत लागू, मधले दोन महिने वाद घालायला.

पाठ्यपुस्तकाच्या सुरुवातीच्या पानांत छापलेल्या उद्देशिकेपासून सुरुवात करा. चार लिफाफ्यांवर न्याय, स्वातंत्र्य, समानता, बंधुता लिहा आणि रोजच्या प्रसंगांच्या वीस चिठ्ठ्या करा. 'खो-खोच्या संघात मुलींना घ्यायचं नाही असं ठरलं.' 'एकाचंच ऐकून दुसऱ्याला शिक्षा झाली.' 'नवीन मुलाच्या बोलीला सगळे हसतात.' 'डब्यात काय आणलं यावरून एकाला वेगळं बसवलं.' 'ताईला तिचं मत मांडू दिलं नाही.' कोणती चिठ्ठी कोणत्या लिफाफ्यात, यावर भांडण होऊ द्या. काही दोन-दोन ठिकाणी बसतात. बंधुतेचा लिफाफा शेवटपर्यंत रिकामा राहतो, कारण तिथे तक्रार करायला नियम मोडलेला नसतो. बोलीला हसणं कोणत्या कायद्याने थांबवणार?

मग प्रत्येकाने घरासाठी दोन नियम सुचवायचे आणि गुप्त मतदान घ्यायचं. वाचता न येणारं भावंड असलं तर १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीची युक्ती वापरा. तेव्हा प्रत्येक उमेदवाराची मतपेटी वेगळी होती आणि तिच्यावर त्याचं चिन्ह चिकटवलेलं असे. मतदाराने कागद फक्त योग्य पेटीत टाकायचा. दोन डबे, एकावर टिकलीचं हसरं तोंड, एकावर फुली. आजीचं आणि पाच वर्षांच्या छोटूचं मत एकाच किमतीचं. मतदानाला देशात अठरा वर्षं लागतात (१९८९ पर्यंत एकवीस लागत), घरात तेवढी अट नको.

सगळं सुरळीत चाललं की एक वाकडा प्रस्ताव मुद्दाम टाका: 'सगळी भांडी कायम बाबांनी घासायची.' पाच जणांच्या घरात तो चार विरुद्ध एकने पास होतो आणि मुलं आरडाओरडा करतात. आता विचारा, बहुमताने झालं म्हणजे बरोबर झालं का? उद्या चौघांनी तुझ्याबद्दल असं ठरवलं तर? इथून मूलभूत हक्कांचं प्रकरण सुरू होतं: काही गोष्टी मतदानाला टाकायच्याच नाहीत. त्यांची यादी वेगळ्या पानावर करा, तीन-चारच. मारायचं नाही. जेवण शिक्षा म्हणून बंद करायचं नाही. प्रत्येकाचं ऐकून घेतल्याशिवाय निर्णय नाही. आणि कलम ३२ सारखं एक कलम हवंच: यातलं काही मोडलं तर तक्रार कोणाकडे करायची. मोडणारा बहुधा मोठा माणूस असणार, म्हणून तक्रार ऐकणारा वेगळा हवा. मामा, आत्या, शेजारच्या काकू, कोणीही चालेल.

हे बिघडतं ते दोन ठिकाणी. मोठी माणसं याला शिस्तीचं हत्यार करतात आणि सगळे नियम मुलांवरच येतात: मोबाइल अर्धा तास, झोप दहाला. प्रत्येक नियमापुढे 'कोणाला लागू' असा रकाना ठेवा आणि तिथे 'सर्वांना' सोडून दुसरं काही असेल तर कारण लिहायला लावा. दुसरं म्हणजे नियम फार होतात. पंचवीस नियमांचं संविधान फेब्रुवारीपर्यंत फ्रिजच्या दारावरून खाली पडलेलं असतं, सात-आठ पुरे.

कागदाच्या उजवीकडे तीन बोटं जागा मोकळी सोडा, दुरुस्त्यांसाठी. देशाच्या संविधानाची पहिली दुरुस्ती १९५१ साली, म्हणजे दीड वर्षाच्या आत आली होती. तेव्हा २६ जानेवारीला लागू झालेल्या मोबाइलच्या नियमावर छोटूने २८ तारखेलाच दुरुस्ती आणली, तर ती तारीख घालून लिहून घ्या आणि रविवारी मताला टाका.